कच्च्या टाक्याची पिशवी

पिशवी रिकामी होती. सासूबाईंनी ती दोनदा झटकली आणि मगच त्यांच्या लक्षात आलं, ही झटकायची वस्तू नव्हे.

जावई सापांचा माणूस. वरच्या घाटात रस्ता रुंद होणार, तिथली दगडांची रास हलणार, म्हणून तिच्यातल्या डोंगरी घोणशी पकडून पलीकडच्या उतारावर सोडायच्या होत्या. जहाल विषारी, पण त्या डोंगराबाहेर कुठेच न उरलेली जात. वनखात्याच्या कार्यालयाला सुट्टी, त्यामुळे पिशव्या एक रात्र न्हाणीघरात ठेवलेल्या. आता जावई लेकीला आणि तान्ह्या बाळाला आणायला दवाखान्यात गेला होता.

पिशव्या शिवल्या सासूबाईंनीच. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. ‘कापड फाटेल, माझी शिवण उसवणार नाही,’ हा तोरा. आणि या पिशवीला नुसता हातचा कच्चा धावदोरा! मशीनखाली घालायचीच राहिली होती. मटकन खाली बसावंसं वाटलं, पण आता खाली बसायची सोय कुठे होती?

त्यांनी फोन लावला. “जावईबापू, तुमची जाडी पाहुणी उठून गेली.”

“आई, ती गाभण आहे! मारू नका. खुर्चीवर पाय घेऊन बसा, पोचतोच आम्ही.”

मागून लेक ओरडली, “ठेचून टाक तिला! बाळ येतंय घरी!”

“आधी तुमचं दोघांचं ठरू दे,” म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि जड इस्त्री उचलली.

पाय ठरेना. मशीनखाली पाहिलं, चिंध्यांच्या ढिगात काठी घातली, कपाट हलवलं. पोटुशी बाई गार फरशीवरून जाईल कुठे? ऊब शोधत जाईल. आणि ऊब तर मघाशी आपणच केली.

त्या शेगडीकडे वळल्या.

शेगडीजवळ जमिनीवर बाळाची टोपली होती. अंथरूण तापायला आत गरम पाण्याची पिशवी ठेवलेली. तिला पोट लावून करडं वेटोळं पडलं होतं. जीभ तेवढी आत-बाहेर.

त्यांनी इस्त्री उगारली. एक घाव पुरे होता. तेवढ्यात गाडी दारात थांबली. वेटोळं हललंही नाही; फक्त कुशी फुगत होत्या. गेल्या महिन्यात लेक हीच गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून अशीच पडलेली असायची.

इस्त्री खाली आली, पण हळू. आधी कापड बेतायचा फळा टोपलीवर सरकवला, मग त्यावर इस्त्री.

“बाहेरच थांबा!” त्या ओरडल्या. “जावईबापू, तुम्ही एकटेच या!”

तो गाडीतून साप उचलायचा आकडा आणेपर्यंत त्यांनी नवी पिशवी मशीनवर घातली. दुहेरी शिलाई. शिवण ताणून पाहिली आणि मगच दिली.

त्याने घोणस आत सोडून गाठ मारल्यावर त्यांनी विचारलं, “तिकडे पलीकडच्या उतारावर असे तापणारे दगड आहेत ना?”

तो गाठच बघत राहिला. “दगड आहेत. ऊन मात्र दुपारीच निघून जातं. तेवढीच जागा मिळाली.”

“म्हणजे तुमचेही कच्चेच टाके.”

तो पिशव्या घेऊन निघाला.

टोपली त्यांनी अंगणात पालथी घातली. लेक म्हणाली, “आई, बस ना जरा.” पण बाळाला खांद्यावर घेऊन त्या येरझारा घालत राहिल्या. भिंतीवरचं ऊन वर सरकत निघून चाललं होतं, आणि प्रत्येक फेरीला त्यांची नजर तिथेच जात होती.