ओडेलनं मारलेला ठसा

माझी थोरली बहीण व्हर्ना जुन्या लष्करी बंदुकांच्या लाकडी दस्त्यांवरचे ठसे तपासते. महायुद्धाच्या काळात बंदूक कारखान्यातून बाहेर पडताना तपासनीस लाकडावर आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा ठसा ठोकायचा. आता अशा ठशासाठी हौशी लोक जीव टाकतात, म्हणून खोटे ठसे मारणारेही बोकाळलेत. ओहायोतल्या आमच्या बंदूक-बाजारात ताईचं टेबल दाराशीच असतं. तिनं भिंग लावून ‘खोटा’ म्हटलं, की धिप्पाड दाढीवाल्यांचे चेहरे पोरांसारखे पडतात.

ओडेल हॅस्किन्स हा विधुर सुतार. तो प्रत्येक बाजाराला बगलेत नवा दस्ता घेऊन हजर. त्याला बंदुकांतलं ओ की ठो कळत नाही, हे अख्ख्या हॉलला ठाऊक होतं, ताई सोडून.

“या माणसाला दर वेळी खोटाच माल कसा गं मिळतो?” ती मला विचारायची.

“त्याला माल नकोच आहे, ताई.”

“मग काय हवंय?”

मी तोंडात डोनट कोंबायची.

मार्चच्या बाजारात तो आला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून. दाढी करताना हनुवटी कापलेली. दस्ता त्यानं टेबलावर असा आदळला की मी आमच्या कॉफ्या बाजूला घेतल्या.

ताईनं भिंग लावलं. “खोटा! शंभर टक्के खोटा! हा ओरखडा बघ. ठसा जुना असता तर ओरखडा त्याच्यावरून गेला असता. इथं ठसाच ओरखड्यावर बसलाय. आणि कडा केवढ्या धारदार! कुण्या गाढवानं परवा मारलाय.”

“मंगळवारी,” ओडेल म्हणाला.

“काय?”

“मंगळवारी मारला. मीच. अक्षरं वाच ना.”

ताई पुन्हा वाकली. “व्ही... एल... एच. हट्! असा तपासनीस कधी नव्हताच. मला सगळे पाठ आहेत.”

“व्हर्ना ल्युसिल हॅस्किन्स,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “अशी कोणी अजून नाही. तू म्हणशील तर होईल.”

शेजारच्या टेबलावर संगिनी पुसणारा मर्ल पुसायचा थांबला. ताईची मान लाल, मग कान लाल.

“चांगल्या अक्रोडाच्या दस्त्याचं वाटोळं केलंस!”

“नवं लाकूड आहे. मीच घडवलं. चहाचं पाणी लावून जुनं केलं.”

“आणि हा ओरखडा?”

“तोही मीच काढला.”

“एच तिरका आलाय, ओडेल!”

“हात कापत होता गं.”

आणि ताईला हसू फुटलं. ती अशी हसली, की चष्मा घसरला, खुर्ची मागे सरकली, भिंग टेबलाखाली गेलं. “हो,” ती डोळे पुसत म्हणाली, “हो रे बाबा, हो! पण यापुढे हातोडीला हात लावशील तर बघ!”

मर्लनं शिट्टी मारली. टाळ्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेल्या, तिथल्या लोकांना कशाबद्दल ते कळलंही नव्हतं. ओडेल मात्र मटकन खाली बसला, तोही माझ्या डोनटच्या खोक्यावर.

त्या दिवशी पुढे ताईचं काही खरं नव्हतं. रांगेतल्या पुढच्या माणसाचा दस्ता तर तिनं उलटा धरूनच “वा, अस्सल!” म्हणून परत केला. शेवटी मीच टेबलाखालचं भिंग उचलून खिशात टाकलं आणि त्या दोघांना बाहेर पिटाळलं.