उघडणारी आणि लावणारा

बारक्याने शेवटचा बोल्ट आवळला, पाना टेबलावर टाकला आणि दंडाने कपाळावरचा घाम पुसला. ताई नळाशी उभी राहून कोपरापर्यंत साबण चोळत होती. नखांतलं काळं काही केल्या जात नव्हतं. आज ते जायला हवं होतं, कारण उद्यापासून त्या हातांनी तान्ह्या नातवाला न्हाऊ-माखू घालायचं होतं.

"झाला?" तिने न वळताच विचारलं.

"झाला म्हणजे काय! बघ, लोण्यासारखा फिरतोय."

बारक्या एवढ्यावर गप्प बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे ताईला पाठ होतं. गिअरबॉक्स लावून झाला की तो निदान पाच मिनिटं स्वतःचं कौतुक करायचा.

"ताई."

"काय रे?"

"इकडे ये जरा."

लांब टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरलेली होती. सकाळी तिच्यावर गिअरबॉक्सचा एकेक तुकडा ओळीने मांडलेला होता. आता सगळी चादर रिकामी होती आणि एका कोपऱ्यात एक पातळ, बांगडीएवढा वॉशर तेवढा पडला होता.

"हा उरला," बारक्या म्हणाला.

बारक्या नावाचाच बारका. पन्नाशी उलटली होती, गॅरेजच्या दारात उभा राहिला की आतला उजेड कमी व्हायचा, पण ताईच्या तोंडी लहानपणी बसलेलं नाव काही उठलं नाही आणि मग गल्लीनेही तेच उचललं. ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करावेत ते या भावंडांनीच, असं लोक म्हणायचे. उघडायची ताई आणि लावायचा बारक्या.

हा नियम वडिलांचा. जो उघडेल त्याने लावायचं नाही. ज्याने उघडलं त्याच्या डोक्यात एक चित्र बसतं, मग लावताना तो समोरचं न बघता डोक्यातलं बघतो, असं ते म्हणायचे. दुसरा माणूस मात्र प्रत्येक तुकड्याला विचारतो, तू कुठला रे बाबा? आता उघडायचं काम ताईला आणि लावायचं बारक्याला का, याला कारण होतं. बारक्याने लहानपणी घरातलं गजराचं घड्याळ उघडलं होतं. त्यातली स्प्रिंग जी उडाली ती आजतागायत सापडलेली नाही. त्या दिवसापासून वडिलांनी त्याच्या हातून उघडायचा पाना काढून घेतला आणि ताईच्या हातात दिला. तो परत काही मिळाला नाही.

आजचा बॉक्स दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा होता. अख्ख्या वस्तीचे दात उपटणाऱ्या बाईंच्या गाडीचेच दात पडले, म्हणून बारक्या दोन दिवस खिदळत होता. गाडी उचल घेईना, आतून नुसती रडायची. ताईने उघडून बघितलं तर नेहमीचंच दुखणं. मधल्या गिअरभोवती छोटी छोटी चाकं फिरतात, त्यांना वडील पिल्लं म्हणायचे आणि ती ज्यात बसतात त्याला पाळणा. सगळ्यांना वेढणारं बाहेरचं दातेरी गोल म्हणजे कडं. एका पिल्लाचे दात झडले होते आणि त्याच्या पोटातल्या सुईएवढ्या बारीक सळयांचा चुरा झाला होता. ताईने पाळणा मोकळा केला, पिल्लं नवी आणली, तेलाच्या वाटा हवा मारून साफ केल्या, सगळं धुऊन पुसून चादरीवर मांडलं आणि हात धुवायला गेली. दुपारच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये होतं. बॅग दाराशी टायरांच्या चळतीवर ठेवलेली होती.

या वेळचं जाणं चार दिवसांचं नव्हतं. लेकीची रजा संपत आली होती. तिने आणि जावयाने मिळून ताईसाठी घरातली एक खोली रिकामी केली होती, तिला रंगसुद्धा दिला होता. ताईलाही जायचं होतं. फोनवर नातवाचं रडणं ऐकू आलं की तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. पण बारक्याचं काय करायचं, हे काही तिला सुचत नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला ती गेली होती तेव्हा आलेले बॉक्स तसेच पोतं टाकून कोपऱ्यात पडून राहिले. परत आल्यावर बारक्याच्या बायकोने तिला हळूच सांगितलं होतं, "रोज त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसायचे हो. हात काही लावायचे नाहीत." आणि आता तो लोकांना सांगत सुटला होता, गिअरबॉक्स बंद, यापुढे फक्त ऑइल आणि ब्रेक. शाळेची व्हॅन घेऊन आलेल्यालाही त्याने तेच सांगितलं होतं. हे तो हसत हसत सांगायचा. ताईला ते फार लागायचं. तिच्या जाण्याबद्दल मात्र त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. तिकीटसुद्धा स्वतःच काढून आणलं होतं.

ताईने वॉशर उचलला. अंगठ्याने फिरवला. कोरडा ठणठणीत होता आणि कडेला धुळीचा पापुद्रा होता. या बॉक्सचा तुकडा न् तुकडा तिने स्वतः धुऊन तेलात बुडवून ठेवला होता.

ती बॉक्सपाशी गेली. मधला दांडा धरून ओढला, मग आत ढकलला. टिक. जेवढा हलायला हवा तेवढाच. बाजूला दांडा किती हलतो ते दाखवणारं मापाचं घड्याळ अजून लावलेलंच होतं, त्याचा काटाही बरोबर जागेवर होता. आतला एक वॉशर राहिला असता तर दांडा खुळखुळला असता. हे ताईला कळत होतं आणि बारक्याला तर तिच्याहून जास्त कळायला हवं होतं.

बारक्या छताचे पत्रे बघत होता.

क्षणभर ताई चिडलीच. लेक तिकडे वाट बघणार, जावई स्टेशनवर घ्यायला येणार, आणि या घोड्याला हा पोरखेळ सुचतोय! चांगलं खडसावायचं म्हणून ती वळली. तेवढ्यात बारक्याने तिचं स्टूल पुढे ओढलं आणि फडक्याने पुसलं. ते मुळात स्वच्छच होतं. एवढ्या मोठ्या माणसाला साधं 'राहा' म्हणता येत नव्हतं, हे बघून तिला त्याची भारी माया आली.

"मग आता काय करायचं?" तिने विचारलं.

"उघडावा लागणार." बारक्याने इतका दुःखी चेहरा केला की नाटकवाल्यांनी त्याला हातोहात उचलला असता. "तुझी गाडी चुकणार गं."

"चुकेल."

"उद्या आहेच की."

"आहे ना."

ताईने लेकीला फोन लावला. पलीकडून लेकीचा आवाज अख्ख्या गॅरेजला ऐकू आला, "मामा वॉशर विसरला? आपला मामा?"

"वय झालं त्याचं," ताई म्हणाली. "उद्या येते."

बारक्याने हे ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. अंगात एकदम उत्साह आला होता त्याच्या. बायकोला चहा सांगितला, पंखा ताईच्या बाजूला वळवला आणि पाना तिच्यासमोर धरला. "घे. आपल्याला काही घाई नाही आता."

ताईने हात पदराखाली घेतले.

"मी नाही. तू उघड."

"मी?"

"तू उघड, मी लावते. आयुष्यभर मी नुसतं सोडवतच आलेय. एकदा जोडून बघू दे."

"अगं, मला कुठं येतं? ती स्प्रिंग—"

"स्प्रिंगला चाळीस वर्षं होऊन गेली. उघड."

बारक्याने पान्याकडे बघितलं, मग बॉक्सकडे. स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पाय गेला होता, आता ओरडायचीही सोय नव्हती. तो खाली वाकला.

ताई स्टुलावर बसली. सुरुवातीला तिला बघवेना. मधेच उठून त्याच्या हातातून पाना घ्यावा असं सारखं वाटत होतं, म्हणून ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. बारक्याने बोल्ट सोडवले, पण भराभर नाही. समोरासमोरचे, थोडे थोडे, जसे ती सोडवायची तसे. झाकण उचलण्याआधी त्याने एक बोट खालून घातलं आणि काही चिकटून येत नाही ना ते चाचपलं. काढलेला तुकडा पुसला, चादरीच्या डाव्या टोकाला ठेवला. पुढचा त्याच्या शेजारी. ज्या तोंडाने बाहेर आला त्याच तोंडाने. एका झाकणीमागे ताणलेली स्प्रिंग होती. तिथे पोचल्यावर तो थांबला, डाव्या हाताची ओंजळ तिच्यावर धरली आणि उजव्या हाताने हळूच खटका काढला.

"चल बाई, ये. सावकाश ये," तो पुटपुटला.

ताई चमकली. हे तिचं होतं. तुकड्यांशी बोलायची ही खोड तिची, आणि त्यावरून बारक्या तिची टिंगल करत आला होता. ती उघडत असताना तो टेबलाला टेकून अखंड बडबड करायचा, जगातल्या सगळ्या विषयांवर. त्याचं लक्षच नाही असं ती आजवर समजत होती.

स्प्रिंग त्याच्या ओंजळीत अलगद आली. त्याने ती चादरीवर ठेवली आणि पुढच्या तुकड्याला हात घातला. आपण काय म्हणालो हे त्याच्या गावीही नव्हतं.

चहा आला, निवून गेला. शेवटी पाळणा बाहेर निघाला. बारक्याने तो तळहातावर घेतला, एकेक पिल्लू बोटाने फिरवून बघितलं आणि ठेवला. चादर भरली होती. ओळीत कुठेही मोकळी जागा नव्हती.

"सगळं आहे की गं आत," तो म्हणाला. या वेळी नाटक चांगलं जमलं नाही.

"आहे."

"मग हा वॉशर?"

"असेल कुठल्यातरी जुन्या डब्यातला. चिकटून आला असेल चादरीला."

"हां," बारक्या म्हणाला. "तसंच असणार."

मग ताई लावायला बसली. उघडणाऱ्या बोटांना लावायची सवय नव्हती. वॉशर जागेवर धरून ठेवायला व्हॅसलिनसारख्या जेलीचं नुसतं बोट लावायचं तर ती भसाभस थापत सुटली. पाळणा कड्यात उतरवताना दात दाताला अडले, तेव्हा तिने जोर लावला. बारक्या हात पाठीमागे बांधून उभा होता, त्याचे खांदे नुसते वळवळत होते.

"ढकलू नको. फिरव. आपसूक बसतो तो."

तिने फिरवला. आत काहीतरी सरकलं आणि पाळणा बोटभर खाली उतरला. तिला इतका आनंद झाला की तिने बारक्याकडे वळून बघितलं, आणि तोही अगदी तसाच तिच्याकडे बघत होता.

दिवस मावळायच्या आत बॉक्स पुन्हा बंद झाला. चादरीवर काही उरलं नाही. ताईने दांडा धरून ओढला. टिक.

"बारक्या," ती म्हणाली, "छान उघडलास रे."

तो फडक्याला हात पुसत होता, तो थांबला. त्याने रिकाम्या चादरीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. ताईला ठेवून घ्यायला निघाला होता आणि तिच्या देखत काय सिद्ध करून बसला, हे त्याला आत्ता उमगत असावं. तो बराच वेळ हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"उद्या सकाळचीच गाडी धर," शेवटी तो म्हणाला. "दुपारपर्यंत थांबू नको."

"का रे?"

"ती शाळेची व्हॅन बोलावून घेतो. तिचा बॉक्स घेऊन बसावं लागेल मला."

ताईने पदराने डोळे टिपले आणि ते लपवलंही नाही.

"आणि लावणार कोण?"

"बघू की," बारक्या म्हणाला. "आधी मला उघडू तर दे."