एका अंगानं झिजलेला पैसा

“धुऊ नका, मॅडम. घावलाय तसाच बगा,” सोपानराव दारातूनच म्हणाले.

साधनानं रुमालाची गाठ सोडली. आत तांब्याची चकती होती, गाळानं काळवंडलेली, कडेला हिरवी. चाकणच्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिच्याकडे रोज तुटलेले गिअर यायचे. नाणं पहिल्यांदाच आलं होतं.

सोपानराव फाटकावरचे सुरक्षारक्षक. चऱ्होलीतलं त्यांचं रान आता बिल्डरकडे होतं, आणि तिथली विहीर आज संध्याकाळी बुजवणार होते. त्याआधी यंत्रानं गाळ वर काढला होता. काल सुट्टी होती, तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी फाटकावरची धातू तपासायची दांडी नेली आणि त्या ढिगावर फिरवली.

“आदी माज्याच पट्ट्याला वाजली. आमची मंडळी, मंजुळा, म्हनली, सोन्याचं हायसा व्हय तुमी?” ते हसले. “मग खिळं, पत्रं. आन् मग ह्यो. पुतन्या म्हनतो, शिवराई हाय. तसंच असू दे बया.”

“का?”

“हिरीला पानी लागलं तवा आईनं आपला कुंकवाचा ढब्बू पैसा सोडला पान्यात. कपाळाला मेन लावायची, पैसा कुंकवात बुडवून दाबायची, मग पदरानं पुसून ठिवायची. त्यो दिल्यावर बोटानं लावायची. कायम वाकडं. पान्याला दिल्यालं घरात ठिवत न्हाईत. तिचा असंल तर आजच परत सोडाया पायजे. दुसऱ्याचा असंल, तर तिचाच समजून ठिवीन. फोटोबी न्हाई ओ तिचा माज्याकडं.”

तिनं पैसा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दिवा वर होता तोवर नुसता काळोख. तिनं दिवा हळूहळू आडवा केला, आणि निवळत्या पाण्यातून तळाचे खडे दिसावेत तशी अक्षरं वर आली. इंग्रजी. पाव आणा.

“शिवराई नाही. ढब्बूच आहे.”

सोपानराव एकदम म्हणाले, “पर ढब्बू घरोघरी व्हते की! कुनाचाबी पडला असंल.”

“हो. घरोघरी होते.”

तिनं पैसा उलटला. राजाचा चेहरा असायला हवा होता तिथं काहीच नव्हतं. एक गुळगुळीत, किंचित उजळ तळं. त्यात प्रकाश थरथरत होता. लाल कण तिनं शोधले, सापडले नाहीत. एवढ्या वर्षांच्या पाण्यात ते राहणारही नव्हते. दिवा पुन्हा वर घेतला असता, तर सगळं काळंच दिसलं असतं, आणि ‘कळत नाही’ म्हणता आलं असतं.

“मॅडम?”

“गाळानं झिजला असता, तर दोन्ही अंगांनी झिजला असता,” ती हळूच म्हणाली. “हा एकाच अंगानं झिजलाय. कुणीतरी रोज पुसल्यासारखा.”

त्यांनी पैसा घेतला. गुळगुळीत अंगावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मग रुमालाला गाठ मारली.

“येतो. मुरमाच्या गाड्या यायच्या आत हिरीवर पोचाया हवं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर त्यांनी नेहमीसारखी साधनाच्या पिशवीवरून दांडी फिरवली. डब्यापाशी ती वाजली.

“बुजली विहीर?”

“बुजली.”

तिची नजर त्यांच्या खिशाकडे गेली. त्यांनी ती पाहिली, आणि दांडी स्वतःच्या छातीवरून, खिशावरून सावकाश फिरवली.

ती वाजली नाही.