लाल सलाइन आणि महाराजांची पुडी

औशाच्या मंगल कार्यालयात चपला ठेवायलाही जागा नव्हती. हृदयकवच महाराजांनी लालसर पाण्याचा पेला उंच धरला.

"हे कॅन्सरचं लाल सलाइन! गाठ जाळतंय, काळीजबी जाळतंय. आता बघा!"

त्यांनी चिमूटभर पांढरी पूड टाकून ढवळलं. पाणी नितळ झालं आणि जयजयकार उठला. भूकंपात तीन दिवस ढिगाऱ्याखाली असताना महाराजांना ही पुडी सापडली म्हणे. लोकांना तिथे पाणी मिळत नव्हतं, याला औषध मिळालं!

मागे भलामोठा फ्लेक्स होता, लातूरच्या क्लासवाल्यांसारखा. पुडी घेतलेल्या रुग्णांचे ओळीने फोटो, नाव, खाली 'कवच शंभर टक्के'. फ्लेक्सवर फोटो दिसला की आम्ही विश्वास ठेवतो. नापास झालेल्यांचे फोटो कुठे आहेत, हे कुणी विचारत नाही.

फ्लेक्सच्या तिसऱ्या ओळीत माझी थोरली बहीण, सिंधुताई, हसत होती. तिला जाऊन सात महिने झाले होते. मी समाजसेवेला आले नव्हते. सूड घ्यायला आले होते.

शेजारी पुनम बसली होती. पायांवर सूज, बोलताना दम. उद्या तिचं केमोचं चौथं लाल सलाइन, आणि डॉक्टरांनी त्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलेला.

"कवच हाय म्हणल्यावर इको कशाला?" तिचे सासरे शेषेराव म्हणाले.

ताईलाही महाराजांनी हेच सांगितलं होतं. मी उठून थेट व्यासपीठावर गेले.

"मी रसायनशास्त्र शिकवते. महाराज, तुमची पुडी यात टाका." पेपर तपासायची लाल शाई मी पाण्यात ओतली.

"ताई, श्रद्धा पायजे..."

त्यांच्या पुडीतली पूड मीच टाकली. शाई लालच राहिली. मग मी पर्समधून दोन बाटल्या काढल्या, एक पाण्याची, एक जखमेवर लावायच्या आयोडीनची. आयोडीन पाण्यात टाकलं, त्यात मेडिकलमधली क जीवनसत्त्वाची आंबट गोळी चुरली. पाणी नितळ!

"याच्या पेल्यात सलाइन नाही, आयोडीन आहे. ताईच्या उशाखालची पुडी मी चाखली, याच आंबट गोळीची पूड होती. आयोडीनचा रंग ती घालवते. लाल सलाइनपासून काळीज वाचवते, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. काळीज थकलंय का, ते तपासूनच कळतं. ताईने तपासलं नाही."

महाराज मागच्या दाराकडे सरकले. दारात गर्दीतले चारजण आधीच वाट अडवून उभे होते. मला फार बरं वाटलं.

"मामा, उठा," पुनम धापा टाकत म्हणाली. "आधी इको."

शेषेरावांनी उठून तिला हात दिला.

मी खुर्चीवर चढून फ्लेक्सवरचा ताईचा फोटो पर्समधल्या कात्रीने कापून घेतला.

"आता या फोटोंतल्या बाकीच्यांच्या घरी जा," मी गर्दीला म्हटलं, "आणि विचारा, यातलं जिवंत कोण आहे."