विश्रांतीच्या चिठ्ठीवरचे नाव

पीठ भिजवताना ग्लाफिरा स्तेपानोव्हना पाण्यात थर्मामीटर बुडवून बघायची, याची गावातल्या बायकांना फार गंमत वाटे. "देवाच्या भाकरीलाही ताप येतो का गं?" असे उस्तिन्याने एकदा चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर विचारले होते. ग्लाफिराने शांतपणे सांगितले, "पंचेचाळीसच्या वर गेलं तर यीस्ट मरतं, तिसाच्या खाली आळस करतं. देवानंच त्याला तसं घडवलंय. मी फक्त बघते."

बघणे हाच तिचा जन्मभराचा धंदा. इस्सिक-कुलच्या काठच्या मापन केंद्रात तीस वर्षे तिने सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला तळ्याच्या पाण्याची पातळी वहीत लिहिली. देश फुटला, केंद्राला कुलूप लागले. पुढे दोन वर्षांनी बंद पडलेले चर्च पुन्हा उघडले तेव्हा पूजेची भाकरी भाजायला स्वच्छ हाताची विधवा हवी होती. त्याला आता नऊ वर्षे झाली. मुठीएवढ्या, दुमजली, वर क्रुसाचा ठसा असलेल्या भाकऱ्या ती दर शनिवारी पहाटे भाजायची आणि फडक्यात बांधून फादर इलारिओनच्या हाती द्यायची. संतांच्या चित्रांच्या भिंतीआड, वेदीपाशी, बायकांनी जायचे नसते. भाकरी आत अख्खी जाते आणि बाहेर येते तेव्हा तिचा एक टवका निघालेला असतो, एवढेच तिला ठाऊक. चिठ्ठीवरच्या प्रत्येक नावासाठी फादर भाकरीचा एकेक कण काढतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

चिठ्ठ्या दोन तऱ्हेच्या. लाल रेघेची आरोग्यासाठी, म्हणजे जिवंतांची. काळ्या रेघेची विश्रांतीसाठी, म्हणजे गेलेल्यांची. ग्लाफिराच्या काळ्या चिठ्ठीवर आई, वडील, नवरा, एक बहीण. लाल चिठ्ठीवर पहिले नाव रोदिओन.

रोदिओन तिचा एकुलता एक. कामासाठी रशियात उत्तरेला तेलाच्या विहिरींवर गेला. शेवटचे पत्र आले त्याला सात वर्षे झाली. "थंडी फार आहे. पगार उशिरा होतो. तासाला सांग, बूट पाठवतो." बूट आले नाहीत, तोही आला नाही. ग्लाफिराने कंपनीला लिहिले, पोलिसांना लिहिले, दवाखान्यांना लिहिले. उत्तरे आली ती सगळी सारखी: या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. मेला असे कोणी म्हणेना, आहे असेही कोणी म्हणेना.

तासा म्हणजे तायसिया, त्याची बायको. मूलबाळ नव्हते. माहेरचे सगळे रशियात निघून गेले होते, तिलाही बोलावत होते, पण ती सासूपाशी राहिली. आता सदतिसाव्या वर्षी गावच्या दवाखान्यात सुया टोचायची आणि घरी आल्यावर सासूच्या शेजारी बसून बटाटे सोलायची. वरच्या खोऱ्यात मधमाश्या पाळणारा लुक्यान, बायको वारलेला, सावकाश बोलणारा माणूस, तीन वर्षांपासून दर शरद ऋतूत एकदा तिला विचारायचा आणि पुढच्या शरदापर्यंत थांबायचा. कोर्टाने रोदिओनला बेपत्ता ठरवून कागद दिला होता. बिशपची परवानगीही मिळाली असती. पण तासा त्याला एकच उत्तर द्यायची, "आई त्याचं नाव लाल चिठ्ठीत लिहितायत. तोवर मी बायकोच आहे."

हे उत्तर सगळ्या गावाला माहीत होते. ग्लाफिरालाही.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचा दुसरा आठवडा होता. शनिवारी मृतांचे स्मरण असायचे, त्यासाठी आदल्या दिवशी बायका चिठ्ठ्या द्यायला आल्या. मेणबत्त्या विकायला आणि चिठ्ठ्या घ्यायला उस्तिन्या बसायची. गर्दी सरली तशी तिने ग्लाफिराला जवळ ओढले.

"एक सांगू? रागावशील."

"मग नको सांगूस."

"सांगणारच. रोदिओनला काळ्या चिठ्ठीत लिही."

ग्लाफिराने हात सोडवून घेतला. "जीभ झडो तुझी."

"अगं, ऐकून तर घे! मेलाय म्हणून नव्हे. जिवंत आहे म्हणून. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं ना, की त्याचा जीव तळमळायला लागतो. कुठंही असो, अन्न गोड लागत नाही, घर डोळ्यांपुढून हलत नाही. उठतो आणि घरी येतो, नाहीतर पत्र तरी टाकतो. माझ्या आजीनं युद्धात माझ्या काकाला असंच आणलं."

"फादरांनी परवाच सांगितलं, तो जादूटोणा आहे म्हणून."

"फादरांना मुलगा आहे का?" उस्तिन्या म्हणाली आणि मेणबत्त्या मोजायला लागली.

ग्लाफिराचा यावर काडीचा विश्वास नव्हता. कापसाच्या दोऱ्याने ढग ओढता येत नाही, तसेच हे. पण सात वर्षे रोज दोनदा बघूनही ज्याची पातळी दिसत नाही, अशा गोष्टीपुढे विश्वासाला कोण विचारतो? तळमळ तर तळमळ. तिच्या वाट्याला ती आलीच होती, थोडी त्याच्याही वाट्याला येऊ दे. तिने नवी काळी चिठ्ठी घेतली. आई, वडील, नवरा, बहीण लिहून झाल्यावर, आपल्या स्वच्छ, सरळ अक्षरात, पाचवे नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी फादरांनी नावे मोठ्याने वाचली. मध घातलेल्या शिजवलेल्या गव्हाची भांडी टेबलावर मांडलेली होती, त्यांत मेणबत्त्या खोचलेल्या. फादर इलारिओन चिठ्ठ्या भराभर वाचायचे. ग्लाफिराची वाचताना 'रोदिओन'पाशी ते क्षणभर अडखळले, मग पुढे गेले. तासा दोन ओळी मागे उभी होती. ग्लाफिराने मागे वळून पाहिले नाही.

मग ती वाट बघू लागली. रविवारी पोस्ट बंद. सोमवारी पेन्शन कार्यालयाचे पत्र. मंगळवारी पोस्टातला फोन वाजला, तो शेजारच्या साल्किनसाठी होता. बुधवारी काही नाही. ग्लाफिरा मनात नोंद करत राहिली आणि स्वतःचीच लाज वाटून पुन्हा करत राहिली. कुठेतरी एका खोलीत, बर्फाच्या खिडकीशी, तिचा मुलगा चमचा हातात धरून बसला आहे आणि त्याला जेवण जात नाही, असे तिला दिसायचे. वाईट वाटायचे. बरेही वाटायचे.

सातव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, तासा दवाखान्यातून आली ती तशीच, कोट न काढता, सासूच्या पायाशी बसली. तिने डोक्याला काळा रुमाल बांधला होता. तो ती गेले सहा दिवस बांधत होती आणि ग्लाफिराने तो उपासाचा समजला होता.

"आई, तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. मी कधी बोलले असते का? तुम्ही नाव लिहिलंत म्हणून मला रडता तरी आलं. सात वर्षं रडायचीही चोरी होती."

ग्लाफिराने आता कुठे तो रुमाल नीट पाहिला.

"लुक्यानला मी हो म्हणून कळवलंय," तासा खाली मान घालून म्हणाली. "ईस्टरनंतर. तो तुमचा आशीर्वाद घ्यायला येईल. नको म्हणाल तर नाही. पण तुम्हीच दार उघडलंत, आई."

ग्लाफिराने तिच्या रुमालावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या द्यायला ती नेहमीपेक्षा लवकर गेली. फादर इलारिओन मेणबत्त्यांच्या ताटातले मेण चाकूने खरवडत होते. चाळिशीचा माणूस, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा.

"फादर, मी जादूटोणा केलाय."

"कोणावर?"

"मुलावर. काळ्या चिठ्ठीत लिहिलं त्याला. मेला म्हणून नाही. ओढून आणायला."

फादरांनी चाकू खाली ठेवला. "उस्तिन्या."

"तिला मधे आणू नका. अक्षर माझं आहे."

"आला?" त्यांनी विचारले. ते पाद्र्यासारखे विचारले नव्हते.

"नाही. आणि तासाला वाटतंय मी त्याला मेलेला मानलं. ती लग्न करायला निघालीय." ग्लाफिरा बाकावर बसली. "फादर, मी सात वर्षं देवाला म्हणत होते, बघ, मी किती सोसते. एवढं माझं बलिदान घे आणि त्याला सोडव. आता कळेना, मी काय दिलं."

"सोसलं कोणी? तुम्ही की तिनं?"

ग्लाफिराने भाकऱ्यांचे गाठोडे बाकावर ठेवले.

"रागावू नका," फादर म्हणाले. "पण बलिदान एकदाच झालं, ग्लाफिरा स्तेपानोव्हना. प्रभूनं स्वतःला दिलं. दुसऱ्या कोणाला धरून वेदीवर ठेवलं नाही. आणि ते काही सौदा म्हणून दिलं नाही. आपल्याला सोडवायचं होतं म्हणून दिलं. आपण त्याला आणखी काय चढवणार?"

फादर तिच्या शेजारी बसले. मग तिने जे विचारले ते नऊ वर्षे तिच्या मनात नकळत साचले असावे.

"त्या दिवशी त्याच्या नावाचा कण तुम्ही काढलात. तो मेलेल्यांत ठेवलात. तो आता तिथंच का?"

फादरांनी तिच्याकडे नवलाने पाहिले. "तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?"

"मला कोण सांगणार? मी बाहेर असते."

"ताटलीच्या मधोमध मोठा चौकोनी तुकडा असतो. त्याला कोकरू म्हणतात. तोच प्रभू. त्याच्या खाली जिवंतांचे कण, त्यांच्याखाली गेलेल्यांचे. तुमच्या भाकरीचे कण इतके बारीक पडतात की भुसाच म्हणा. सगळ्यांचं प्रभुभोजन झालं, की मी ती ताटली द्राक्षारसाच्या प्याल्यात पुसून घेतो. एकूण एक कण. आणि म्हणतो, इथं ज्यांची आठवण केली त्यांची पापं तुझ्या रक्तानं धुऊन टाक."

"दोन्ही ओळी?"

"दोन्ही. प्याला एकच आहे."

"मग त्यात कुठला जिवंताचा आणि कुठला..."

"मला ओळखता येत नाही. कोणालाच येणार नाही."

"मग दोन चिठ्ठ्या कशाला, फादर?"

"आपल्यासाठी. घरात कोणाचं ताट मांडायचं ते आपल्याला ठरवावं लागतं. देवापुढं सगळे जिवंतच आहेत." ते उठले आणि भाकऱ्यांचे गाठोडे त्यांनी उचलले. "रोदिओनचं नाव मी रोज घेईन, कुठल्याही चिठ्ठीशिवाय. पण तासाला खरं सांगा. तिनं तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवलाय."

"सांगितलं तर ती जाणार नाही."

"तर मग असं सांगा, की जाईल."

सोपे होते म्हणायला. घरी येईपर्यंत ग्लाफिराने चार तऱ्हांनी वाक्ये जुळवली आणि चारही तऱ्हा टाकून दिल्या. तासा चुलीपाशी कोबी चिरत होती.

"तासा, मी त्याला मेलेला मानलेलं नाही."

सुरी थांबली. ग्लाफिराने सगळे सांगितले, उस्तिन्याच्या काकासकट. तासा ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"म्हणजे मी आठवडाभर रडले ते... तुम्ही त्याला गळ टाकून बसला होतात?"

"हो."

"माझ्यासमोर! मी रुमाल बांधून फिरतेय आणि तुम्ही पोस्टाच्या खेपा मोजताय!"

"हो."

"थर्मामीटर घालून भाकरी करणारी बाई, आणि डोकं उस्तिन्याकडं गहाण ठेवलंत!" तासाने रुमाल ओढून काढला आणि खुर्चीवर फेकला. मग ती एकदम हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळले. "जाऊ दे. मी लुक्यानला नाही म्हणून सांगते."

"नाही सांगायचं."

"तो जिवंत असेल असं तुम्हीच म्हणता ना!"

"मला ठाऊक नाही. एकदाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना मी तुला धरून ठेवलं, ते चुकलं."

"आणि तो आला तर? उद्या, परवा, दहा वर्षांनी?"

"दारात मी असेन. त्याला काय सांगायचं ते मी सांगेन. ओरडेल तर माझ्यावर ओरडेल. तू मधे यायचं नाहीस."

"आणि नाही आला तर?"

"तरी मीच असेन. वाट बघायला एक माणूस पुरतं, तासा. तुझ्या वाटणीचंही मी बघते. तू जा."

तासाने चिरलेला कोबी पातेल्यात लोटला. मग नाक ओढून म्हणाली, "एकटीला जमायचं नाही तुम्हाला. सूपमध्ये मीठ दोनदा घालता."

"मग एकदाच घालीन."

ईस्टरनंतरच्या आठवड्यात लग्न झाले. जर्दाळूची झाडे फुलून गेली होती. लुक्यान आपली जुनी गाडी घेऊन आला, मागे दोन रिकाम्या मधपेट्या दोरीने बांधलेल्या आणि त्यांच्यावर तासाची पेटी. त्याने ग्लाफिरापुढे वाकून आशीर्वाद घेतला आणि मधाची बरणी कुठे ठेवायची ते न कळून ती शेवटपर्यंत हातातच धरली. तासाने गाडीत बसल्यावर काच खाली करून विचारले, "दर रविवारी चर्चमध्ये भेटाल ना?" जणू ग्लाफिराच कुठे निघाली होती.

गाडी वळणाआड गेली. ग्लाफिरा घरात न जाता पुढे मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली. दुपारची बिश्केकची बस आली, थांबली. एक म्हातारा उतरला, दोन पोरी उतरल्या, पोते घेतलेली एक बाई उतरली. प्रत्येकाचा चेहरा तिने नीट पाहिला. चालकाने दार लावले, बस धूळ उडवत पुढे गेली, उतरलेली माणसे आपापल्या वाटेने पांगली. ग्लाफिरा जायला वळली. मग आठवण झाल्यासारखी पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तेवढाच वेळ तासासाठी थांबली.