पाहुण्यांच्या शेऱ्यांची वही

मित्रांनो, माझ्या पोटात एकशे बारा पाहुण्यांच्या सह्या आहेत, आणि त्यातल्या नव्वदांनी तरी लिहिलं आहे, ‘उत्तम. असंच चालू ठेवा.’ काय चालू ठेवायचं, ते मात्र कुणी लिहिलेलं नाही.

मी आहे आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या नामितोंबो गावच्या प्राथमिक शाळेची जुनी शेऱ्यांची वही. जाड पुठ्ठा, पाठीवर निळं कापड. दुकानातून आणलं तेव्हा माझी पानं कोरी होती. मुख्याध्यापिका फेलेस्ता म्बेवे यांनी पट्टीनं त्यांवर रकाने आखले: तारीख, नाव, हुद्दा, शेरा. शेऱ्याचा रकाना त्यांनी सगळ्यांत रुंद ठेवला. केवढी आशा होती त्यांना! सारी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणे. त्या मला रंगीत चितेंजे कापडात गुंडाळून कपाटात ठेवत आणि पाहुणा आला की दोन्ही हातांनी पुढे करत.

बाईंची कामं मोजायला बसू नका. सातवीला गणित त्याच शिकवत. शिक्षक आजारी पडला की त्याचा वर्ग त्यांच्याच गळ्यात. शेळ्या वर्गात शिरल्या, संडासाचं दार मोडलं, एखाद्या मुलीनं शाळा सोडली, की हाका बाईंनाच. हे सगळं त्या निभावत. एकच गोष्ट त्यांना झोपू देत नसे. पहिलीला वर्ग नव्हता. दोनशे चौदा मुलं आंब्याच्या झाडाखाली बसत, आणि पाऊस आला की पहिलीची शाळा सुटे.

आमच्याकडची रीत अशी, की भिंती गावानं उभारायच्या आणि छप्पर सरकारनं घालायचं. गावातल्या आयांनी डोक्यावरून पाणी वाहिलं, विटा पाडल्या, भट्टी लावली, भिंती उभ्या केल्या. पत्रे काही आले नाहीत. उघड्या भिंती दर पावसाळ्यात वीतभर झिजत.

मग वरच्या ऑफिसातले एक साहेब शाळा पाहायला यायचे ठरले. बाईंनी अंगण झाडून घेतलं, गाणी बसवली, कोंबडी शिजवली. आणि पहिलीची मुलं चौथीच्या वर्गात दाटीवाटीनं बसवून चौथीला फुटबॉल खेळायला पाठवलं.

पहिलीचे न्याम्बालो सर म्हणाले, “बाई, राहू द्या ना पोरांना झाडाखाली. बघू दे की साहेबांना.”

“पाहुण्याला चिखलात उभं करू? लोक म्हणतील, या बाईला घरसुद्धा आवरता येत नाही.”

“घर कुठं, शाळा आहे ही.”

“मला दोन्ही एकच. जा, सदऱ्याची बटणं लावा आधी.”

आमच्याकडे पाहुण्यापुढे घरातली उणीव मांडत नाहीत. साहेब जेवले, गाणी ऐकली आणि माझ्यात लिहिलं, ‘सर्व वर्ग छपराखाली. स्वच्छता उत्तम. असंच चालू ठेवा.’

गाडी गेल्यावर बाईंनी ते वाचलं आणि पेन उचललं. मला वाटलं, खोडतील. पण पाहुण्याच्या शेऱ्यात यजमानानं खाडाखोड करायची नसते.

चार महिन्यांनी पत्र्यांसाठी अर्ज घेऊन त्या ऑफिसात गेल्या. मला सोबत आणायला सांगितलं होतं. कारकुनानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“साहेबांची सही आहे, बाई. आता खोटं कोण, साहेब की तुम्ही?”

“साहेबांनी दिसलं ते लिहिलं. खोटं मी दाखवलं.”

“तसं लिहून द्याल?”

“द्या कागद.”

“अहो, पत्रे राहतील बाजूला, कारवाई तुमच्यावरच होईल!”

बाईंनी लिहून दिलं. कारवाई झाली नाही आणि पत्रेही आले नाहीत. मी मात्र परतीच्या वाटेवर पिशवीत मान खाली घालून होते.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन पावसाळ्यात, तेच साहेब पुन्हा आले. या वेळी गाणी नव्हती. बाईंनी त्यांची खुर्ची थेट आंब्याखाली मांडली, मुलांच्या मधोमध.

“हे काय बाई? मागच्या वेळी केवढं छान स्वागत होतं!”

“मागच्या वेळी तुम्ही स्वागत बघितलंत, साहेब. आज शाळा बघा.”

न्याम्बालो सरांनी जेमतेम पाच अक्षरं गिरवून घेतली असतील, तोच पाऊस कोसळला. मुलं ओसरीकडे पळाली. साहेब खुर्चीतून उठेपर्यंत नखशिखांत भिजले. त्यांनी रागारागानं मला ओढलं आणि ओल्या हातानं लिहिलं, ‘स्वागतात हयगय. पहिलीला छप्पर नसल्यामुळे मी भिजलो.’

“बाई, हयगय म्हणालेत हो तुम्हाला,” न्याम्बालो सर हळूच म्हणाले.

“म्हणू देत. पुढची ओळ वाचा.” सरांनी वाचली. “पुन्हा वाचा.”

ती ओळ जशीच्या तशी उतरवून बाईंनी नवा अर्ज केला. पत्रे आले, पण सतरा महिन्यांनी. तोवर भिंती खिडक्यांच्या खाली उतरल्या होत्या, आणि आयांनी पुन्हा विटा पाडल्या. मोठ्या बाई ते पाहायला नव्हत्या. त्याच्या आदल्या महिन्यात मलेरियानं चार दिवसांत त्या गेल्या. तापात एकच विचारत होत्या, पोरं भिजली का. बाहेर लख्ख ऊन होतं.

आता शाळेत नवी वही आहे. पाहुणे तिच्यात लिहितात, ‘पहिलीचा वर्ग सुंदर.’ ते खरं आहे. तरी मला राग येतो. सात वर्षं लोक बघून गेले, आणि खरं लिहायला एका माणसाला भिजावं लागलं.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत अशी एखादी वही असेल. पाहुणे आले म्हणून तुम्हाला एका वर्गातून उठवून दुसऱ्यात बसवलं, तर विचारा, का? आणि ते गेल्यावर तुमच्या मोठ्या बाईंकडे वही मागा, वाचा, आणि शेरा हातात घेऊन सगळी शाळा एकदा फिरून या. जे जुळणार नाही, ते बाईंना सांगा. त्यांना ते ठाऊक असेल. पण त्या एकट्या असतात.