पाचवी खाली आली

ते एकोणीसशे एकोणसत्तर साल. त्या वर्षी पाचवी खाली आली.

आजच्या मुलांना हे सांगून कळायचं नाही. तोवर सगळं ठरलेलं होतं. पहिली ते चौथी पत्र्याच्या प्राथमिक शाळेत, एकेका वर्गाला एकेक बाई, तीच गणित शिकवणार, तीच गाणी म्हणून घेणार, तीच नाक पुसणार. चौथी सुटली की रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या दुमजली हायस्कुलात पाचवीला बसायचं. तिथे तासाला घंटा, विषयाला वेगळे शिक्षक, आणि थेट अकरावीपर्यंत जिने चढत जायचं. मधला रस्ता एवढासा. पण तो ओलांडला की मूल मोठं झालं, असं घरोघरी धरून चालत.

सुट्टीत वरून हुकूम आला की पाचवी यापुढे प्राथमिकची. शाळा उघडली त्या दिवशी हायस्कूलचा शिपाई पाचवीचे बाक एकेक करून रस्त्याच्या अलीकडे आणत होता. शेवटच्या खेपेला त्याच्या खांद्यावर फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कंपास होता.

"हे कुठं टांगू, बाई?"

चौथीच्या बाईंनी त्या लांबटांग्या वस्तूकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "टांगा कुठंही," त्या म्हणाल्या. "दाराआड टांगा."

बाईंना सगळे चौथीच्या बाईच म्हणत. सातवी पास होऊन, ट्रेनिंग करून त्या लागल्या त्या चौथीवरच, आणि चौथीवरच त्यांचे केस पिकायला लागले होते. हेडमास्तरांनी पाचवी त्यांच्या पदरात टाकली, कारण त्या सगळ्यात जुन्या. चौथीवर एक नवी कोरी मुलगी नेमली गेली. म्हणजे मागे फिरायची सोय राहिली नाही.

"साहेब वर्षाच्या मध्यावर तपासणीला येतील," हेडमास्तर म्हणाले. "त्यांना वर्ग पसंत पडला तर पाचवी आपली. नाही पडला तर परत जाईल समोर."

"आणि मी?"

हेडमास्तरांनी टेबलावरचा खडू उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "वर्गच नाही म्हटल्यावर बाई कशाला ठेवतील? बघू. आधीच कशाला अभद्र बोलायचं?"

एवढंच असतं तरी बाईंनी निभावून नेलं असतं. पण समोरच्या हायस्कुलात आजवर पाचवीला गणित शिकवणाऱ्या बाई म्हणजे त्यांची सख्खी नणंद. बी. ए. झालेली, लग्न न केलेली, भावाकडेच राहणारी. पाचवी खाली राहिली तर हायस्कुलात एक शिक्षक जास्तीचा होणार होता, आणि सगळ्यात शेवटी लागलेल्या म्हणजे या वन्संच. तपासणी होईपर्यंत त्यांना ठेवलं होतं. दोघींतली एक जाणार, हे घरातल्या भिंतींनासुद्धा ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घरी आल्यावरही डोळ्याला भिंग लावून बसायचे. बायको आणि बहीण एकाच वेळी समोर आल्या की ते भिंग काढतच नसत.

पाचवीची मुलं फुरंगटलेली होती. त्यांना हायस्कूल कबूल केलेलं, आणि मिळाली तीच पत्र्याची शाळा, तोच नळ, त्याच बाई. पहिल्याच दिवशी बाईंनी सवयीनं सांगितलं, "चला, नखं दाखवा." मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही पाचवीत आहोत. आमची नखं आमच्या आया बघतात." वर्ग खो खो हसला. त्या मुलीला सगळे मिरची म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

बाकीचे विषय बाईंनी कसेबसे ओढले. भाषा, इतिहास, अंकगणित, हे घरी वाचून वर्गात सांगता येत होतं. पण भूमितीपाशी आलं की बाई पुस्तक मिटून टाकायच्या. शाळेत असताना त्यांना भूमिती नव्हती, ट्रेनिंगमध्ये नावाला झाली. वर्गात शिरताना दाराआडचा कंपास हलायचा आणि भिंतीवर टक्क वाजायचा. बाई दार लावायच्याच बंद झाल्या. भूमितीचा धडा त्यांनी आधी पुढच्या आठवड्यावर ढकलला, मग पुढच्या महिन्यावर. मुलांनी विचारलं की म्हणायच्या, "आधी अपूर्णांक पक्के होऊ देत."

आणि एके दिवशी हेडमास्तर सांगून गेले, "साहेब उद्या येतायत."

त्या संध्याकाळी यजमान दुकानात होते, वन्सं बाहेर गेलेल्या. बाईंनी स्वयंपाकघरातली लादी रिकामी केली, दोरीच्या एका टोकाला खडू बांधला, दुसरं टोक अंगठ्याखाली दाबलं आणि पुस्तक उघडं ठेवून कोन दुभागायला बसल्या. आधी दोन्ही रेघांना कापणारा एक कंस, मग त्या दोन ठिकाणांवरून एकमेकांना छेदणारे दोन. कागदावर चार ओळींत झालेलं काम लादीवर काही केल्या जमेना. दोरी सैल पडे, कंस एकमेकांना चुकवून जात. गुडघे, पदर, कपाळ, सगळं पांढरं झालं.

"वर्तुळ आहे का अंडं?"

दारात वन्सं उभ्या होत्या. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"मी... लादी पुसत होते."

"खडूनं?" वन्सं आत आल्या. लादीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "अजून भूमिती सुरूच केली नाहीत, वहिनी?"

बाईंनी मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखं झालं होतं, आणि पकडलं कुणी, तर जिला त्यात आनंद व्हायचा तिनं.

वन्सं बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी डब्यावरचा रद्दीचा कागद ओढला, पेन्सिलीनं त्यावर एक कोन काढला, एक रेघ दुसऱ्या रेघेवर अचूक बसेल असा कागद दुमडला आणि नखानं घडी दाबली. उलगडून बाईंपुढे धरला. घडी कोनाच्या बरोबर मधून गेली होती.

"उद्या हे करा. कंपासाच्या वाटेला जाऊ नका."

"साहेबांसमोर? कागदाच्या घड्या?"

"हो."

"अहो, पाचवी आहे ती. होड्या करायला लावल्यासारखं दिसेल."

"दिसू दे," वन्सं म्हणाल्या आणि चपला काढायला बाहेर गेल्या.

स्वयंपाक करताना बाईंच्या मनात तो विचार आला आणि मग जाईना. साहेब पाचवी बघायला येणार, आणि आपण बालवाडीसारखे कागद दुमडायचे? साहेबांना एवढंच निमित्त पुरेल. ही बाई खालच्या वर्गांचीच आहे, असं ते म्हणतील आणि वर्ग परत पाठवतील. मग हायस्कुलात जास्तीचं कुणी उरणार नाही. वन्संनी सांगितलं ते माझ्या भल्याचं की त्यांच्या? जेवताना त्यांनी वन्संकडे चोरून पाहिलं. वन्सं खाली मान घालून जेवत होत्या. बाईंचं लक्ष ताटाकडे राहिलं नाही आणि वाढताना आमटी बाहेर सांडली.

"अगं, उद्या तपासणी तुझी आहे, आमटीची नाही," यजमान म्हणाले. कुणीच हसलं नाही. त्यांनी पुन्हा भिंग लावलं.

साहेब उंच होते आणि हळू बोलत. असं हळू बोलणारं माणूस बाईंना ओरडणाऱ्यापेक्षा भीतीदायक वाटे. ते मागच्या बाकावर मिरचीच्या शेजारी बसले. तिची वही त्यांनी चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"भूमिती दिसत नाही, बाई."

"आज... आजच सुरू करणार होते."

"छान. मग आम्हीही शिकू. कोन दुभागायचा पाठ घ्या."

सोबत आलेल्या हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी दाराआडून कंपास काढला. वन्संचे शब्द आठवले, आणि आठवले म्हणूनच त्यांनी तो घट्ट धरला. फळ्यावर कोन काढला. कंपासाचं टोक कोनाच्या बिंदूवर टेकवलं आणि खडूचा पाय फिरवला. अर्ध्यावर कंपास आपसूक फाकला. कंस भलतीकडे गेला. त्यांनी तो पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. वरचा स्क्रू सैल होता, पाय धरून राहतच नव्हते. तिसऱ्यांदा खडूच निसटला आणि साहेबांच्या बाकापर्यंत घरंगळत गेला.

मुलं हसतील असं त्यांना वाटलं. मुलं हसली नाहीत. ते जास्त वाईट होतं. मिरचीसुद्धा ओठ दाबून बाकाकडे बघत होती. बाईंना समोर काहीच दिसेना. फक्त घरातला तो रिकामा दिवस दिसला, सकाळी वन्सं शाळेला निघाल्यात आणि आपण दारात उभ्या, जायला कुठं नाही. कंपास वन्संच्या वर्गातून आलेला. स्क्रू कुणी सैल केला? असंही मनात येऊन गेलं. हातातला कंपास त्यांनी खाली ठेवला, कारण तो धरायचं बळच उरलं नव्हतं.

आणि बळ नसलं की माणूस येतं तेच करतं. बाईंना मुलांच्या हातात कागद द्यायला येत होतं.

"वह्या मिटा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी एकेक कागद घ्या. त्यावर एक कोन काढा. कसलाही. आता एक रेघ दुसरीवर झोपवा. नीट पांघरूण घालून झोपवा, पाय बाहेर राहता कामा नये. दाबा नखानं. आता उघडा."

कागद उलगडल्याचा सरसर आवाज झाला.

"ए, मधोमध!" मिरची ओरडली. "बाई, माझा वाकडा होता तरी मधोमध!"

"माझा पण!"

"कोनमापक लावा आणि बघा," बाई म्हणाल्या. कोनमापक निघाले. वर्गात एकच गलका झाला. साहेबांनीही आपल्या डायरीचं पान दुमडलं होतं.

"ठीक," साहेब हळूच म्हणाले. गलका थांबला. "पण बाई, घडीनं काम भागतं, तर मग कंपास कशाला?"

बाईंना पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी फळ्याकडे पाहिलं.

"फळ्याची घडी घालता येत नाही, साहेब. म्हणून."

साहेब एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या चौथीवर नेमलेली ती नवी मुलगी दारात येऊन उभी राहिली. हेडमास्तरांनी शिपायाला चहा आणायला पिटाळलं. जाताना साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "त्या कंपासाचा स्क्रू आवळून घ्या. पाचवी इथंच राहू दे."

बाई घरी आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. वन्सं ओट्यापाशी पाणी पीत होत्या, आणि पाचवी राहिली म्हणजे यांची नोकरी गेली, हे आता त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं.

"राहिली?" वन्संनी विचारलं.

"राहिली."

वन्संनी फुलपात्र विसळून पालथं घातलं. "कंपास घेतलात ना आधी?"

बाई पदरानं हात पुसत राहिल्या.

"कपाळावरच्या खडूवरून कळतंय. मी मुद्दाम उलटं सांगितलं असं वाटलं तुम्हाला."

"हो," बाई म्हणाल्या. खोटं बोलायला लागते तेवढी भीतीसुद्धा उरली नव्हती. "स्क्रूही तुम्हीच सैल केलात, असं वाटलं."

"तो मी लागले तेव्हापासून सैल आहे. अर्ज करून थकले. म्हणून तर घड्या घालायला शिकले." त्या थांबल्या. "आणि मनात आलं होतं, वहिनी. काल दारात उभी होते तेव्हा. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं मला. पण मग तुमच्या हातचं जेवायचं कसं रोज?"

दारात यजमान उभे होते, भिंग कपाळावर सरकवून. "अगं, स्क्रूचंच काम होतं तर मला नाही का सांगायचं? दिवसभर दुसरं करतो काय मी?"

तेव्हा कुठे दोघी हसल्या, आणि हसता हसता कोण रडायला लागलं ते त्यांनाही कळलं नाही.

वर्ष संपताना वन्संना जास्तीच्या शिक्षिका म्हणून दूरच्या एका गावच्या शाळेत पाठवलं. बस बदलून जावं लागे. सुरुवातीला त्या सुट्टीत येत, मग पत्रं येत, मग तिथंच त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं आणि निवृत्त होईतो राहिल्या. सायकल चालवायला शिकल्या. आपण गेलो ते बरं झालं असं त्या म्हणत. बाईंना ते कधी पटलं, कधी नाही. पुढे सहावी आणि सातवीही खाली आल्या, तेव्हा वन्संना परत बोलवावं म्हणून हेडमास्तरांनी खटपट केली, पण त्या आल्या नाहीत. हेडमास्तर त्यानंतर दोनच वर्षांत घरी बसले. चौथीवरची नवी मुलगी जुनी झाली आणि चौथीच्या बाई हे नाव तिला मिळालं. साहेब पुन्हा कधी आले नाहीत. त्यांची बदली झाली असं कानावर आलं.

मिरची रस्ता ओलांडून हायस्कुलात गेली, पुढे मोजणी खात्यात लागली, आणि एकदा शाळेच्या मैदानाची हद्द मोजायला आली तेव्हा बाईंना हात पुढे करून म्हणाली, "बघा, नखं."

यजमानांनी स्क्रू आवळून दिला. पण बाईंनी कंपास दाराआडच ठेवला. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पाचवी शिकवली, आणि दर वर्षी भूमितीच्या पहिल्या दिवशी आधी कागदच वाटले.